जमिनीच्या दाव्यातील तूर्तातूर्त मनाई हुकूम: मुदत कशी वाचावी, कशी मागावी आणि हुकूम कसा उठवावा

जमिनीच्या दाव्यात मनाई हुकूम झाला की दोन्ही बाजू एकच गोष्ट विचारतात: हुकुमात काय लिहिले आहे? तो कधीपर्यंत आहे, असे विचारणारा पक्षकार मला फार क्वचित भेटतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील दिवाणी न्यायालयांत बांध, वाट, विहीर आणि वाटप यांच्या दाव्यांचे काम करताना मी वारंवार पाहिले आहे की वादीला हुकूम चालू आहे असे वाटत असते, प्रतिवादीला तो संपला असे वाटत असते, आणि दोघेही आपापल्या समजुतीवर एकाच दिवशी एकाच बांधावर जाऊन उभे राहतात. त्यातून फौजदारी उभी राहते आणि मूळ दावा बाजूला पडतो. म्हणून हुकुमाची मुदत कशी वाचावी, ती अर्जातच कशी मागून घ्यावी, कारण संपल्यावर हुकूम कसा उठवावा आणि कारण शिल्लक असताना तो कसा टिकवावा, याविषयी मला जे ठाऊक आहे ते येथे लिहीत आहे.

शेवटचे वाक्य आधी वाचावे

हुकुमाची नक्कल हातात आली की प्रथम अखेरचा परिच्छेद वाचावा. तेथे बहुधा तीनपैकी एक शब्दप्रयोग असतो: "पुढील तारखेपर्यंत", "पुढील आदेश होईपर्यंत" किंवा "दाव्याचा निकाल लागेपर्यंत". स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ३७ मध्ये तूर्तातूर्त, म्हणजे तात्पुरत्या, मनाईचे वर्णनच असे आहे की ती ठरावीक मुदतीपर्यंत किंवा न्यायालयाचा पुढील आदेश होईपर्यंत चालते. म्हणजे हुकुमाचे आयुष्य किती, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकाआधी त्या हुकुमाच्या शब्दांत शोधायचे असते.

आपल्याकडे दावा निशाणी (न्यायालयातील कागदाचा क्रमांक) १ वर आणि तूर्तातूर्त मनाईचा अर्ज बहुधा निशाणी ५ वर येतो, म्हणून कोर्टाच्या आवारात या अर्जालाच "निशाणी पाच" म्हणतात. या एका अर्जावर दोन वेगवेगळे हुकूम होऊ शकतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला हुकूम दावा दाखल होताच, समोरच्याला न ऐकता, तातडी पाहून दिलेला एकतर्फी अंतरिम हुकूम असतो आणि तो बहुधा पुढील तारखेपुरता असतो. दुसरा हुकूम प्रतिवादीचे म्हणणे आल्यावर, दोन्ही बाजू ऐकून, निशाणी पाचचा निकाल म्हणून होतो आणि तो सहसा दाव्याच्या निकालापर्यंत चालतो. पहिला संपला म्हणजे दुसरा नाकारला असे नाही, आणि पहिला मिळाला म्हणजे दुसरा मिळणारच असेही नाही.

"पुढील तारखेपर्यंत" असा हुकूम ज्याच्या बाजूने आहे, त्याने प्रत्येक तारखेचा रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची न्यायालयातील नोंद, स्वतः पाहावा. एका दाव्यात आम्हाला अशीच अंतरिम मनाई मिळाली होती. नेमलेल्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते, पुढची तारीख पडली, आणि रोजनाम्यात दावा अमुक तारखेस नेमल्याची एवढीच ओळ आली. "अंतरिम मनाई पुढे चालू" हे चार शब्द त्यात नव्हते. त्या दिवशी मी दुसऱ्या न्यायालयात होतो आणि रोजनामा पाहायला मला आठवडा लागला. तेवढ्यात प्रतिवादीने ट्रॅक्टर घालून बांध नांगरून टाकला. आम्ही हुकूम मोडल्याबद्दल अर्ज केला, तेव्हा बांध कोणी फोडला हा प्रश्न बाजूलाच राहिला. सारा युक्तिवाद त्या दिवशी हुकूम जिवंत होता का, यावर झाला आणि अर्ज नामंजूर झाला. त्या बांधावरच्या दोन बाभळी आणि हद्दीचा दगड यांचा ठावठिकाणा आता फक्त जुन्या फोटोत उरला आहे.

तेव्हापासून मी अशिलांना सांगतो की तारखेला न्यायाधीश रजेवर असतील तर त्याच दिवशी प्रभारी न्यायाधीशांपुढे हुकूम पुढे चालू ठेवण्याचा छोटा अर्ज द्यावा, त्यावर आदेश घ्यावा आणि संध्याकाळी ई-कोर्ट्सच्या ॲपवर दाव्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून त्या तारखेची नोंद उघडून पाहावी. नोंदीत चूक असेल तर ती दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून घेणे सोपे असते. महिन्यानंतर ते फार अवघड होते.

"जैसे थे" या हुकुमाविषयी वेगळी काळजी घ्यावी लागते. परिस्थिती जैसे थे ठेवावी, एवढेच लिहिलेले असले आणि ती परिस्थिती कोणती हे लिहिलेले नसले, तर दोन्ही बाजू आपलाच ताबा जैसे थे आहे असे सांगत फिरतात. म्हणून असा हुकूम होत असतानाच गट नंबर, कोणत्या बाजूचे किती क्षेत्र, त्या दिवशी शेतात कोणते पीक उभे आहे आणि ते कोणी केले आहे, हे हुकुमात नमूद करून घेण्याची विनंती करावी. याविषयी वाद असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी मागावी. ज्याची सुरुवात नेमकी लिहिलेली नाही, तो हुकूम केव्हा मोडला किंवा केव्हा संपला हे कोणालाच सांगता येत नाही.

मुदत अर्जातच मागावी

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ३९ नियम २ च्या पोटनियम २ मध्ये असे म्हटले आहे की न्यायालय मनाई हुकूम देताना त्याची मुदत, हिशेब ठेवणे, तारण देणे किंवा अन्य काही, याविषयी योग्य वाटतील त्या अटी घालू शकते. या यादीत मुदत सर्वांत आधी येते. तरीही बहुतेक अर्जांत "दाव्याचा निकाल होईपर्यंत" हा साचा डोळे झाकून टाकला जातो. दाव्याचा निकाल लागायला किती वर्षे लागतील हे कोणालाच ठाऊक नसताना असा हुकूम मागणे म्हणजे जमीन बेमुदत गोठवून ठेवण्यासारखे आहे, आणि कित्येकदा ज्याने हुकूम मागितला त्याचेच नुकसान त्यात जास्त होते.

माझे स्पष्ट मत असे आहे की हुकूम ज्या कारणासाठी दिला ते कारण संपले की हुकूमही संपावा, आणि ते कारण कधी संपेल हे हुकुमातच लिहिलेले असावे. नुसती दिनदर्शिकेवरची तारीख घातली तर कारण शिल्लक असतानाही संरक्षण जाऊ शकते. घटना लिहिली तर तसे होत नाही. हद्दीच्या वादात मी विनंती साधारण या शब्दांत लिहितो: "भूमी अभिलेख उपअधीक्षक यांनी कोर्ट कमिशनर म्हणून मोजणी करून नकाशा व अहवाल दाखल केल्यापासून ३० दिवसांपर्यंत, आणि त्या अवधीत कोणत्याही पक्षकाराने मुदतवाढीचा अर्ज दिल्यास त्या अर्जाचा निकाल होईपर्यंत." यात तीन गोष्टी साधतात. मोजणी लांबवण्यात कोणाचा फायदा उरत नाही, अहवालावर हरकत घ्यायला वेळ मिळतो, आणि मुदतवाढीचा अर्ज पडून राहिला म्हणून संरक्षण मध्येच तुटत नाही.

कृष्णाकाठच्या उसाचे उदाहरण घेऊ. अडसाली ऊस साधारण १६ ते १८ महिन्यांत तोडणीला येतो. चुलत भावांच्या वादात दोघांनीही शेतात जाऊ नये असा हुकूम झाला आणि त्यातच हंगाम आला, तर ऊस उभा राहतो, तुरा फुटतो, वजन घटते, आणि दावा कोणीही जिंकला तरी त्या पिकाचा पैसा दोघांच्याही हाती पुरता येत नाही. अशा वेळी पिकाविषयीचा हुकूम आणि ताब्याविषयीचा हुकूम वेगळे मागावेत. पिकापुरती विनंती अशी असावी की कमिशनरच्या देखरेखीखाली तोड व्हावी, वजनाच्या पावत्या दाखल व्हाव्यात, कारखान्याने बिलाची रक्कम न्यायालयात जमा करावी, आणि रक्कम जमा होताच पिकाविषयीची मनाई संपावी. ताब्याविषयीचा हुकूम स्वतंत्रपणे चालू राहील. तोडलेला माल नाशवंत असेल तर आदेश ३९ नियम ६ खाली त्याची अंतरिम विक्री मागता येते.

तासगाव, मिरज पूर्व किंवा खानापूर भागातील द्राक्षबागेत तर दिवसांचा हिशेब असतो. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांपैकी एक जरी चुकली तरी त्या वर्षाचे पीक गेले. बाग कसणाऱ्याला आत जाण्यास मनाई करणारा एकतर्फी हुकूम ऑक्टोबरात चार आठवडे चालला, तर तो चार आठवड्यांचा हुकूम राहत नाही, वर्षाचा होतो. म्हणून बागेच्या दाव्यात प्रतिवादीने पहिल्याच दिवशी छाटणीचे वेळापत्रक, औषधांची आणि मजुरीची बिले दाखवून अशी विनंती करावी की जो बाग कसत आहे त्याने ती कसावी, उत्पन्नाचा हिशेब दर महिन्याला न्यायालयात द्यावा आणि वादीच्या हिश्श्यापुरते तारण ठेवावे. हिशेब आणि तारण या दोन्ही अटी त्याच पोटनियमात आहेत.

वाटेच्या वादात शक्यतो आधी तहसीलदारांकडे जावे. वहिवाटीच्या वाटेला अडथळा झाला असेल तर मामलेदार कोर्ट अधिनियम, १९०६ खाली अडथळ्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो, आणि बांधावरून नवी वाट हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली अर्ज करता येतो. कलम १४३ खालील निर्णयाविरुद्ध एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. पण दावा दाखल केला एवढ्यानेच तहसीलदारांचा निर्णय थांबत नाही, तो दाव्याच्या निकालाच्या अधीन राहतो. तो थांबवायचा असेल तर दिवाणी न्यायालयाकडून तसा स्वतंत्र हुकूम घ्यावा लागतो. महसुली अपिलात कलम २५६ खाली स्थगिती मागता येते, आणि तेथेही स्थगिती किती काळासाठी आहे हे लेखी घ्यावे.

एकतर्फी हुकूम: दोन्ही बाजूंनी काय करावे

समोरच्याला न ऐकता दिलेला हुकूम अल्पजीवी असावा, याविषयी माझ्या मनात शंका नाही, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचाही तोच कल आहे. आदेश ३९ नियम ३ नुसार असा हुकूम देताना नोटीस का दिली नाही याची कारणे न्यायालयाने लिहायची असतात. हुकूम मिळवणाऱ्याने अर्ज, प्रतिज्ञापत्र, वादपत्र आणि कागदपत्रांच्या प्रती प्रतिवादीला ताबडतोब द्यायच्या किंवा रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायच्या असतात, आणि तसे केल्याचे प्रतिज्ञापत्र हुकमाच्या दिवशी किंवा लगेच दुसऱ्या दिवशी दाखल करायचे असते. वादीने पोस्टाची पावती जपून ठेवावी. प्रतिवादीने पाकिटावरचा शिक्का पाहावा, कारण पाकीट आठ दिवसांनी टाकलेले असेल तर हुकूम उठवण्याच्या अर्जातला तो पहिला मुद्दा होतो.

नियम ३अ नुसार एकतर्फी हुकूम दिल्यापासून ३० दिवसांच्या आत मूळ अर्जाचा निकाल लावण्याचा न्यायालयाने प्रयत्न करायचा असतो आणि ते जमले नाही तर कारणे लिहायची असतात. हे ३० दिवस झाले की हुकूम आपोआप संपतो, असा समज गावोगावी आहे आणि तो चुकीचा आहे. ए. वेंकटसुब्बय्या नायडू विरुद्ध एस. चेल्लप्पन या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही मुदत पाळली गेली नाही तर ज्याच्याविरुद्ध हुकूम आहे त्याला अपील करता येते. तेव्हा एकतिसाव्या दिवशी नांगर घेऊन शेतात जाऊ नये. रोजनाम्याच्या नक्कला घेऊन वकिलाकडे जावे. आदेश ३९ च्या नियम १, २, २अ आणि ४ खालील आदेशांवर आदेश ४३ नियम १ खाली अपील होते. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाच्या आदेशावर ते सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा न्यायालयात, अथवा कराडसारख्या ठिकाणच्या अतिरिक्त जिल्हा न्यायालयात, ३० दिवसांत करायचे असते.

ज्याला दावा येणार याची कुणकुण लागली आहे त्याने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट, म्हणजे आपल्याला न ऐकता हुकूम देऊ नये अशी आगाऊ विनंती, दाखल करावे. त्याची मुदत ९० दिवस असते आणि ती संपली की नवे दाखल करावे लागते. हे लक्षात न राहिल्यामुळे एक्याण्णवाव्या दिवशी एकतर्फी हुकूम झालेले मी पाहिले आहेत.

हुकूम उठवण्याचा अर्ज कसा लिहावा

आदेश ३९ नियम ४ खाली असमाधानी पक्षकाराला हुकूम रद्द करण्याचा, बदलण्याचा किंवा बाजूला ठेवण्याचा अर्ज करता येतो. या नियमाला दोन परंतुके, म्हणजे जोडलेल्या अटी, आहेत आणि आपला अर्ज त्यांपैकी कोणत्या परंतुकात बसतो हे लिहायला बसण्यापूर्वीच ठरवावे. हुकूम एकतर्फी झाला असेल आणि वादीने महत्त्वाच्या बाबीवर जाणूनबुजून खोटे किंवा दिशाभूल करणारे कथन केले असेल, तर न्यायालयाने हुकूम रद्द करायचाच असतो. तसे न करणे न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटले तर त्याची कारणे लिहायची असतात. याउलट दोन्ही बाजू ऐकून हुकूम झाला असेल, तर परिस्थितीत बदल झाला आहे किंवा हुकमामुळे अवाजवी त्रास होत आहे, हे दाखवावे लागते. पहिल्याच वेळी मांडलेले मुद्दे पुन्हा मांडून दुसऱ्या प्रकारचा हुकूम उठत नाही. तेथे अपील हाच मार्ग असतो.

दिशाभुलीचा मुद्दा मांडताना विशेषणे टाळावीत आणि कागदासमोर कागद ठेवावा. वादी म्हणतो की ताबा त्याचा आहे, तर गेल्या काही वर्षांची पीकपाहणी, विहिरीच्या पंपाचे प्रतिवादीच्या नावचे वीजबिल, कारखान्याची ऊसबिले आणि सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा एकत्र लावावा. आधीच्या दाव्याचा निकाल, तडजोड किंवा फेरफाराची हरकत वादीने लपवली असेल, तर त्याची नक्कल जोडावी. न्यायालय हुकूम देताना प्रथमदर्शनी केस, सोयीगैरसोयीचा तोल आणि भरून न येणारे नुकसान या तीन कसोट्या पाहते. उठवण्याच्या अर्जातही याच क्रमाने परिच्छेद लिहिले तर न्यायाधीशांना ते वाचणे सोपे जाते.

वादी हुकूम घेऊन नुसता मुदती मागत बसला असेल तर त्याचा तक्ता करावा. एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला मुदत कोणी मागितली आणि कशासाठी, एवढे दोनच रकाने पुरतात. आदेश १७ नियम १ नुसार दाव्याच्या सुनावणीदरम्यान एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये असे आहे. असा तक्ता, उभे पीक वाळत असल्याचे फोटो आणि बँकेची थकबाकीची नोटीस एकत्र आली की अवाजवी त्रास म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. हाच तक्ता प्रतिवादीच्याही अंगावर येऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत, आणि न्यायालयाने कारणे लिहून वाढ दिल्यास जास्तीत जास्त ९० दिवसांत कैफियत (लेखी उत्तर) देणे अपेक्षित असते; ती न देता हुकूम उठवा म्हणणाऱ्याचे म्हणणे कोणी सहानुभूतीने ऐकत नाही.

पुरेशा कारणाविना हुकूम मिळवला होता असे ठरले तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली ५०,००० रुपयांपर्यंत भरपाई मागता येते. ही रक्कम एका चांगल्या बागेच्या नुकसानीपुढे फार थोडी आहे, म्हणूनच सुरुवातीलाच तारणाची अट मागण्यावर मी भर देतो.

सहा महिन्यांचा गैरसमज

२८ मार्च २०१८ रोजी एशियन रीसरफेसिंग ऑफ रोड एजन्सी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की खालच्या न्यायालयातील खटल्याला किंवा दाव्याला वरिष्ठ न्यायालयाने दिलेली स्थगिती कारणे देऊन वाढवली नाही तर सहा महिन्यांनी संपेल. हा निकाल दाव्याच्या कामकाजावरील स्थगितीविषयी होता. तरी "सहा महिने झाले, मनाई संपली" असे सोयीस्कर भाषांतर करून अनेकांनी तो शेताच्या बांधापर्यंत आणला. पुढे २९ फेब्रुवारी २०२४ रोजी हायकोर्ट बार असोसिएशन, अलाहाबाद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा आपोआप संपण्याचा नियमच मोडीत काढला. न्यायालयाकडे अर्ज तुंबले आहेत, यात पक्षकाराचा दोष नाही. मग केवळ वेळ उलटला म्हणून, त्याला न ऐकता, त्याचे संरक्षण काढून घेणे न्याय्य नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे.

मला हा निकाल मनापासून पटतो, आणि तरी त्यातून एक जबाबदारी आपल्यावर येते हेही सांगितले पाहिजे. हुकूम आपोआप मरत नाही असे ठरल्यावर तो संपवण्याचे काम पक्षकाराला अर्ज करूनच करावे लागते. सहा महिने वाट पाहून काही होणार नाही.

हुकूम नकळत संपतो तेव्हा

काही वेळा हुकूम उठवण्याचा अर्ज कोणीच केलेला नसतो, तरी हुकमाचा आधारच नाहीसा होतो. एकमेव वादी मरण पावला आणि ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर आले नाहीत, तर दावा संपुष्टात येतो आणि हुकूमही त्याच्याबरोबर जातो. संपुष्टात आलेला दावा पुन्हा चालू करण्यासाठी पुढे ६० दिवसांत अर्ज करावा लागतो. म्हणून घरात दिवस चालू असले तरी तेराव्यानंतर पहिले काम वारसांचा अर्ज हे असावे. प्रतिवादी मरण पावला तर वादीने तेवढीच घाई करावी, कारण मयताच्या मुलांना पक्षकार केलेच नाही तर त्यांनी हुकूम मोडला असे म्हणणे फार अवघड जाते.

वादी आणि वकील दोघेही गैरहजर राहिल्याने दावा काढून टाकला गेला तर त्या क्षणी मनाईही उरत नाही. दावा पुन्हा नंबरावर आला, म्हणजे पुन्हा चालू झाला, तर काय, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने वरीद जेकब विरुद्ध सोसम्मा गीवर्गीस या २००४ च्या निकालात बहुमताने असे म्हटले की पुनर्स्थापनेच्या आदेशात वेगळे काही सांगितले नसेल तर आधीचे अंतरिम हुकूमही पुन्हा जिवंत होतात. यावर विसंबून राहण्यापेक्षा दावा पुन्हा नंबरावर घेण्याच्या अर्जातच "निशाणी ५ वरील आदेश पूर्ववत चालू ठेवावा" ही विनंती घालावी आणि आदेशात ती ओळ येते का हे पाहावे. मधल्या काळात झालेल्या व्यवहारांचा वाद त्यामुळे बराच कमी होतो.

दाव्याचा निकाल लागला की तूर्तातूर्त मनाई संपते. वादी जिंकला तर तिची जागा कायम मनाईचा हुकूमनामा घेतो. वादी हरला तर मात्र त्या दिवशी दुपारनंतर त्याच्या हातात काहीच उरत नाही, आणि अपील दाखल केल्यानेही आपोआप काही मिळत नाही. त्यामुळे निकालाच्या दिवशी वादीच्या वकिलाने दोन अर्ज तयार ठेवावेत: एक, अपिलाच्या मुदतीपुरती मनाई चालू ठेवण्याचा, दुसरा, निकालाच्या नकलेचा. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळले जातात, पण त्या दिवसांत शेतावर संरक्षण नसते. अपिलाबरोबरच जिल्हा न्यायालयात मनाईचा नवा अर्ज द्यावा.

जिल्हा न्यायालयाच्या आदेशानंतर प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तर सातारा आणि सांगलीच्या पक्षकारांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे जाता येते. मुंबईच्या हेलपाट्यामुळे स्थगिती उठवण्याचा अर्ज टाळण्याचे कारण आता राहिलेले नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ च्या खंड ३ मध्ये असे आहे की रिट याचिकेत कागदपत्रे न देता आणि न ऐकता अंतरिम आदेश झाला आणि ज्याच्याविरुद्ध तो झाला त्याने तो उठवण्याचा अर्ज करून विरुद्ध बाजूला प्रत दिली, तर दोन आठवड्यांत त्याचा निकाल लागला पाहिजे, नाहीतर आदेश संपतो. हा मार्ग जरूर वापरावा. मात्र पंधराव्या दिवशी आदेश संपल्याचे स्वतःच ठरवून शेतात उतरू नये. न्यायालयापुढे प्रकरण मांडून तशी नोंद घ्यावी.

हुकूम संपल्यानंतर

हुकूम संपला म्हणजे जमीन मोकळी झाली, असा अर्थ काढणे धोक्याचे आहे. ज्याचा स्थिर ताबा आहे त्याला कायदेशीर मार्गानेच काढता येते, हुकूम असो वा नसो. बळजबरीने काढले तर सहा महिन्यांच्या आत स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली, मालकीच्या वादात न शिरता, ताबा परत मागता येतो. दावा चालू असताना केलेली विक्री मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ मुळे निकालाच्या अधीन राहू शकते, तेव्हा मनाई उठली म्हणून घाईने खरेदीखत करणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही आधी सल्ला घ्यावा. हुकूम चालू असताना तो मोडला असेल, तर पुढे हुकूम रद्द झाल्याने तो दोष पुसला जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने समी खान विरुद्ध बिंदू खान या १९९८ च्या निकालात सांगितले आहे. आदेश ३९ नियम २अ खाली मालमत्तेची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.

पोलीस ठाण्यात जाताना मोबाइलमधला हुकुमाचा फोटो दाखवू नये. हुकुमाची सही-शिक्क्याची नक्कल आणि सर्वांत अलीकडच्या तारखेच्या रोजनाम्याची नक्कल, अशा दोन्ही घेऊन जाव्यात. हुकूम संपला असेल तर तो संपल्याचा आदेशही तसाच न्यावा, कारण ठाण्याच्या फाइलला बहुधा जुना हुकूमच लागलेला असतो.

शेवटचे काम सातबाऱ्याचे. हुकूम झाला तेव्हा इतर हक्काच्या रकान्यात त्याची नोंद झाली असेल, तर हुकूम संपल्याने ती नोंद आपोआप निघत नाही, आणि पीककर्जाच्या वेळी सोसायटी किंवा बँक त्या एका ओळीवर बोट ठेवते. हुकूम रद्द झाल्याच्या किंवा दावा निकाली निघाल्याच्या आदेशाची प्रमाणित नक्कल जोडून तलाठ्याकडे नोंद कमी करण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, आणि मंडल अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केल्यावर नवा उतारा काढून तो रकाना स्वतः वाचून पाहावा.